तंतोतंत तोच क्रम

१ जानेवारी २००३, बुधवार. सकाळी सहा वाजून गेल्यावर
पाचला उठायचं ठरलं होतं. सुरुवात म्हणून वाईट नाही.
यंदाचे संकल्प: पाचला उठणे. क्लासमधून विंडोज हद्दपार करणे. रोज कॉम्प्युटरवर लिहायच्या एडिटरची एक नवी कळ पाठ करणे. लग्न करणे.
शेवटचा संकल्प एकट्याच्या हातातला नाही. पण माणूस घडला की स्थळं आपोआप चालत येतात.
रोजनिशी वहीतच लिहावी लागणार, कारण एडिटरला मराठी येत नाही. तो दोष एडिटरचा.

५ जानेवारी, रविवार
विंडोजच्या जागी लिनक्स बसलं! मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून, तिसऱ्या खेपेला. सगळ्या ओतुरात हे असलेला मी एकटा. कदाचित जुन्नर आणि आंबेगाव दोन्ही तालुक्यांत.
वडील, म्हणजे दादा, खालून गिरणीचा पट्टा थांबवून वर आले. म्हणाले, 'आधी जे व्हतं ते चालत नव्हतं का?' मी म्हणालो, चालत होतं, पण ते गुलामीचं होतं. दादा म्हणाले, 'बरं,' आणि ज्वारी दळायला गेले.
की-बोर्डात पुन्हा पीठ. गिरणीच्या वर कॉम्प्युटर क्लास काढणारा मी पहिलाच असेन.

९ जानेवारी
लिनक्समधला इमॅक्स हा नुसता एडिटर नाही, हे आज कळलं. मजकुरावर खूण करायची, आल्ट धरून उभी रेघ दाबायची. खाली प्रश्न येतो, कोणता हुकूम? बाहेरच्या कुठल्याही प्रोग्रॅमचं नाव द्यायचं. मजकूर तिकडे जातो, त्याच्यावर काम होतं, आणि जे निघेल ते समोर येतं. आधी कंट्रोल-यू दाबलं, तर जुन्या मजकुराच्या जागीच येऊन बसतं. त्या उभ्या रेघेला पाईप म्हणतात.
जेवताना दादांना समजावून सांगितलं. दादा म्हणाले, 'म्हंजे गिरणी. हिकडून दाणं टाकायचं, तिकडून पीठ.' मी म्हणालो, इतकं सोपं नाही ते.
(तसं सोपंच आहे. पण दादांना एकदा हो म्हटलं की ते गल्ल्यावर बसायला सांगतात.)

१३ जानेवारी
डाव्या करंगळीला बाम लावला. कंट्रोल कळ फार वेळा दाबावी लागते. साधना म्हटली की हे आलंच.

१८ जानेवारी, शनिवार
छोटासा अपघात. क्लासच्या परीक्षेचा पेपर चार दिवस खपून तयार केला होता. तो सगळा खूण करून पाईपमधून पाठवला. कुठला हुकूम द्यावा सुचेना, म्हणून तारखेचा दिला. पेपर गेला. त्याच्या जागी आजची तारीख आली. वेळेसकट.
वर सवयीने सेव्ह केलं.
मुलांना सांगितलं, यंदा तोंडी परीक्षा. आधुनिक पद्धत तीच आहे. मढहून येणारी तेजस्विनी म्हणाली, 'सर, पेपर गेला का?' मी म्हणालो, गेला नाही, संक्षिप्त झाला. ती हसली. हिला विषयाची गोडी आहे.

२ फेब्रुवारी, रविवार
आईने बातमी आणली. भिमाजीअण्णांच्या घरी माझ्या नावाचा विषय निघालाय. म्हणजे तेजस्विनीच्याच घरी! मला कल्पना होतीच. मुलगी बी.कॉम. झाली तरी कॉम्प्युटर शिकायला मढहून ओतूरला एसटीने येते, ते काय उगाच?
बायोडाटा मागितलाय. इंग्रजीत, कडक करून देतो.

३ फेब्रुवारी
बायोडाटा पाईपमधून काढला. ओळींची रांग लावणारा हुकूम दिला, एबीसीडीप्रमाणे. नीटनेटकेपणा दिसायला नको? आता सुरुवातीला वय, मग रक्तगट, मग अपेक्षा. नाव बरंच खाली गेलं. आधी माणूस कळावा, मग नाव. हेच बरोबर.

९ फेब्रुवारी
अण्णांकडून निरोप. बायोडाटा पोचला. तेजस्विनीच्या आईने, बयाबाई काकूंनी विचारलंय, 'पोराचं नाव काय हाय?'

२२ फेब्रुवारी, शनिवार
मोठा दिवस. अण्णा स्वतः क्लासवर आले. तेजस्विनीच्या फीचं निमित्त. चहा मागवला.
अण्णा यात्रा कमिटीचे अध्यक्ष आहेत. यात्रेत बैलगाडे पळवायचे नंबर देवळात चिठ्ठ्या टाकून ठरतात. गारव्याला पळणारा बैल वेगळा आणि भर उन्हात पळणारा वेगळा, आणि पहिला नंबर सकाळच्या गारव्यात पळतो, म्हणून त्यासाठी सगळे जीव टाकतात. गेल्या साली कुणीतरी ओरडलं, चिठ्ठीचा कोपरा मुडपलेला होता. त्यावरून दोन वस्त्यांची अजून बोलचाल नाही. अण्णा म्हणाले, 'माझा चिमण्या म्हातारा व्हायला लागला, सर. एकदा तरी पयल्या नंबराला पळवायचा व्हता. पर अध्यक्षाचा नंबर आला का लोकं लगीच संशय घ्येत्यात.'
मी तिथल्या तिथे म्हणालो, चिठ्ठ्या बंद करा. मी कॉम्प्युटरवर काढून देतो. मशीनला ना भावकी, ना वस्ती.
अण्णांनी चहा बशीत ओतून संपवला. म्हणाले, 'करा. आधी हे काम बघू, मंग पावण्यांचं बघू.'
म्हणजे ठरलंच! संकल्प चौथा, जवळजवळ पूर्ण.

२३ फेब्रुवारी
तेजस्विनीसाठी गावात आणखी एक स्थळ आहे म्हणे. पोपट. हा प्रत्येक शर्यतीला माईकवर ओरडतो, आणि एरवी स्टँडजवळ ठिबकचे पाईप विकतो. बारावी नापास. मी या गोष्टीला महत्त्व देत नाही.
अण्णा मात्र लोकांना सांगतात, 'दोन्ही पोरं पाईपच्याच लायनीत हायेत.' कोणीतरी त्यांना फरक समजावून सांगायला हवा.

१ मार्च, शनिवार
हुकूम तयार होतोय. एक नाही, तीन, पाईपने जोडलेले. पहिला प्रत्येक नावापुढे मनाला येईल तो आकडा चिकटवतो. दुसरा त्या आकड्यांनी रांग लावतो. तिसरा आकडे पुसून टाकतो. उरतात नावं, उलटीपालटी झालेली. सोपं, सुंदर आणि निःपक्षपाती.
लाईट गेली. उद्या करू.

२ मार्च
लाईट नाही.

३ मार्च
लाईट होती. झोप लागली.

११ मार्च
कमिटीकडून गाडामालकांची नावं आली. इंग्रजीत टाईप केली. हुकूम चालवला. काम फत्ते! आणि पहिला नंबर कुणाचा? भिमाजीअण्णांचा!
अंगावर काटा आला. मी काहीसुद्धा केलेलं नाही, हे मी स्वतःला बजावून सांगतो. आपोआप आला. याला योग म्हणतात.

१२ मार्च
खात्री करावी म्हणून फाईल पुन्हा उघडून पहिल्यापासून केलं. पुन्हा अण्णाच पहिले. दुसराही कालचाच, तिसराही. पार शेवटपर्यंत तंतोतंत तोच क्रम.
याला म्हणतात मशीन! चिठ्ठ्या दर वेळी निराळं सांगतात. त्यांच्यावर कोण भरवसा ठेवील?

१३ मार्च
पुन्हा केलं. तोच क्रम. मन भरून आलं.

२० मार्च, गुरुवार
क्लासमध्ये तेजस्विनीला दाखवलं. तिच्यासमोर मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, म्हणजे शंका नको. तोच क्रम. ती म्हणाली, 'पण सर, चिठ्ठीत दर वेळी वेगळं येतं ना?' मी म्हणालो, तोच तर चिठ्ठीचा दोष. दर वेळी सारखं आलं तरच भरवशाचं. हे वाक्य तिने मनात घेतलेलं दिसलं.  मग म्हणाली, 'हे अण्णांना सांगितलं का?' मी म्हणालो, अजून नाही. ती म्हणाली, 'मग नका सांगू.'
तिला वाटत असणार, अण्णांना यात्रेत एकदम आनंदाचा धक्का बसावा. किती विचार करते!

२३ मार्च, रविवार
क्रिकेटची फायनल. अभ्यास बंद. हरलो. अभ्यास केला असता तर बरं झालं असतं.

२ एप्रिल, बुधवार. गुढीपाडवा
अण्णांकडे जेवायला बोलावलं होतं. बयाबाई काकूंनी श्रीखंड दोनदा वाढलं. माझ्या मते हा होकार आहे.
राहवलं नाही. हात धुताना अण्णांना बाजूला घेऊन सांगितलं, यंदा पहिला नंबर तुमचाच. अण्णा दचकले. म्हणाले, 'आसं कसं आधीच?' मी म्हणालो, दहादा काढून बघितलाय, दर वेळी तुम्हीच. अण्णांनी गोठ्याकडे बघितलं. चिमण्या रवंथ करत होता. म्हणाले, 'देवाच्या मनात आसंल तर आसंल.' पण चेहरा उजळला होता. त्या माणसाला इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. परत येताना एसटीत मला रडूच आलं, आनंदाने.

१२ एप्रिल, शनिवार
अण्णांनी चिमण्यासाठी नवी झूल शिवून घेतली. आईने माझ्यासाठी सफारीचं कापड आणलं. दोन्ही एकाच दुकानातलं, रंगही जवळजवळ तोच.

१४ एप्रिल, सोमवार. दुपारी, घरी
झाल्या प्रकाराची नीट नोंद व्हावी म्हणून शांतपणे लिहितोय.
मशीन जीपमधून नेलं. मॉनिटर गोधडीत गुंडाळून मांडीवर. देवळात गर्दी. सूत्रसंचालनाला पोपट, माईक घेऊन. ऐन वेळी राघूबाबांनी नाव दिलं. ते पूर्वी मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे, आता शेती करतात, आणि या सालापासून गाडा जुंपलाय. त्यांचं नाव यादीच्या शेवटी टाकलं.
मी दोन वाक्यं बोललो. (पोपट म्हणतो, पाऊण तास.) मग खूण केली, कंट्रोल-यू, आल्ट, उभी रेघ, हुकूम. नावं पटकन फिरली. लोकांनी 'ऑ' केलं. तो क्षण माझा होता, हे कुणी नाकारू शकत नाही.
पोपट ओरडला, 'पयला नंबर, भिमाजीअण्णा!' टाळ्या. तो खाली वाचत गेला. शेवटचा नंबर राघूबाबांचा.
राघूबाबा उठले. म्हणाले, 'शेवटचा तर शेवटचा, माझं काय न्हाई. पर येकदा पुन्हा फिरवा. डोळ्याला कळलं न्हाई, लई झटकन झालं.'
खरं तर त्यांना वरचा नंबर हवा होता. पण मी कशाला घाबरू? मूळ यादी परत आणली आणि पुन्हा फिरवली. तोच क्रम. मी अभिमानाने लोकांकडे बघितलं.
कुणीतरी म्हणालं, 'आजून येकदा.' मी हुकूम देतोय, तेवढ्यात पोपटाने स्क्रीनकडे पाठ फिरवली आणि माईकवर सगळे नंबर तोंडपाठ म्हणायला सुरुवात केली. त्याचं म्हणून होईतो मशीनवर तेच उमटलं. लोक हसायला लागले. मला वाटलं, कौतुकाने हसताहेत. मीही हसलो.
मग हसणं थांबलं.
राघूबाबांनी भंडाऱ्याचं ताट उचललं आणि अण्णांपुढे धरलं. म्हणाले, 'भिमाजी, आपण बारकी व्हतो तवापासनं वळखतो. भंडारा उचल आन् सांग, तुला आधी ठावं व्हतं का?'
अण्णा नाही म्हणू शकले असते. पाडव्याला आम्ही दोघंच होतो, तिसरं कुणी नव्हतं. मी मान हलवून खुणावतही होतो.
अण्णांनी चिमूटभर भंडारा घेतला. म्हणाले, 'ठावं व्हतं. सरांनी सांगितलं व्हतं.'


१५ एप्रिल
काल पुढे जे झालं ते लिहायचं राहिलं. शेवटी चिठ्ठ्याच टाकल्या. काढायला राघूबाबांच्या गजराबाईंना बसवलं, डोळ्याला पदर बांधून. पहिली चिठ्ठी निघाली भिमाजीअण्णांची!
खरोखरच्या चिठ्ठीतून! म्हणजे माझं मशीन बरोबरच होतं! मी तसं मोठ्याने म्हणालोसुद्धा. कुणी ऐकून घेतलं नाही.
राघूबाबा म्हणाले, 'आता बायकोवर संशय घिऊ का?' पण मागे कुजबुज होतीच. अण्णांनी ती चिठ्ठी घेतली, घडी घातली, खिशात ठेवली. म्हणाले, 'यंदा आमचा गाडा न्हाई. पुढली काढा.'

१६ एप्रिल, बुधवार. यात्रा
घाटात, म्हणजे गाडे पळतात त्या चढावर, गेलो. उगाच नाही, नैतिक जबाबदारी म्हणून. सकाळचा गारवा होता. पहिल्या नंबराला दुसऱ्याच कुणाचा गाडा पळाला. पोपट माईकवर आरोळ्या देत होता, गळा फुटेस्तोवर.
अण्णा कडेला उभे होते. शेजारी चिमण्या, नवी झूल घातलेला. घरी ठेवला तर हंबरतो, म्हणून आणला होता म्हणे. आरोळी झाली की तो पुढे ओढ घ्यायचा आणि अण्णा कासरा धरून त्याची मान थोपटायचे. मी जवळ गेलो नाही. सफारी घातला होता, लांबून ओळखू आलो असेन.

२१ एप्रिल, सोमवार
नारायणगावला सायबर कॅफेत जाऊन लिनक्सवाल्यांच्या ग्रुपला विचारलं होतं. आज उत्तर आलं. चूक माझी नाही, फक्त एक शब्द राहिला होता. आकडे काढायच्या आधी मशीनला एक सुरुवातीचा आकडा द्यावा लागतो. तो नाही दिला, तर दर वेळी तेच आकडे निघतात. त्या आकड्याला इंग्रजीत सीड म्हणतात. म्हणजे बी.
सगळा तालुका बी पेरून खातो आणि नेमका मीच विसरलो. पण ही तांत्रिक बाब आहे. अण्णांना समजावून सांगितली की मिटेल.

२२ एप्रिल
मढला जाऊन आलो. अण्णा गोठ्यात होते. मी सगळं सांगितलं, पाईप, आकडे, बी. अण्णांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, 'सर, बी पेरायचं इसरला तर इसरला. माणूस इसरतो. पर काय उगवणार त्ये मला आधी कशाला सांगितलं?'
  पाणी प्यायलो आणि आलो.
बयाबाई काकू बाहेर आल्या नाहीत. गडबडीत असतील.

२५ एप्रिल
आईने विचारलं, सफारीचा दुसरा जोड शिवायचा का. थांब म्हणालो. अजून नकार आलेला नाही. नकार येत नाही तोवर होकारच.

२८ एप्रिल, सोमवार. सकाळी
तेजस्विनी सर्टिफिकेट न्यायला येणार आहे. एकटीच! टेबल पुसलं. की-बोर्ड झटकला. तिच्यासाठी एक खास हुकूम लिहून ठेवलाय. तिचं नाव पाईपमधून गेलं की चांदण्यांच्या चौकटीत येतं.

त्याच दिवशी. दुपारी
आली होती. चौकट बघून 'छान आहे सर' म्हणाली. मग सर्टिफिकेट पिशवीत ठेवलं आणि सांगून टाकलं.
अण्णांनी ठरवलं होतं, माणसाचं डोकं चालत नाही, देवालाच विचारू. दोन स्थळं, दोन चिठ्ठ्या. लिहायचं काम तिच्याकडे दिलं, घरात अक्षर चांगलं तिचंच. बयाबाई काकूंनी चिठ्ठी काढली. पोपट. अण्णा म्हणाले, पुन्हा काढा, सरांवर अन्याय नको. (अण्णा असे आहेत.) पुन्हा पोपट. तिसऱ्यांदाही पोपट. मग अण्णांनी हात जोडले.
मी म्हणालो, तीनदा सारखं येणं अशक्य नाही, योगायोग असतो. तुझी काही चूक नाही, वाईट वाटून घेऊ नकोस.
ती म्हणाली, 'योगायोग नाही सर. दोन्हींवर मी एकच नाव लिहिलं होतं.'
मी विचारलं, असं कसं केलंस? ती म्हणाली, 'तुम्हीच शिकवलं होतं की. दर वेळी सारखं आलं तरच भरवशाचं.' आणि जिन्यातून मागे वळून, 'अण्णांना सांगू नका हां सर. या वेळी तरी आधी नका सांगू.'
खाली पोपटाची मोटारसायकल उभी होती. मागे ठिबकच्या पाईपचं भेंडोळं होतं, ते तिने मांडीवर घेतलं.
वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. इथे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो.

४ मे, रविवार. अक्षय तृतीया
लग्नाला गेलो. अण्णांनी स्वतः पंगतीत बसवलं, जिलबी वाढली. विचारलं, 'देवाच्या मनात व्हतं. व्हय ना, सर?' मी हो म्हणालो. या वर्षात पहिल्यांदा मला काहीतरी माहीत होतं आणि मी ते कुणाला सांगितलं नाही.
दादांनी सकाळपासून गिरणीच्या गल्ल्यावर बसायला सांगितलंय. उद्यापासून बसतो, पाचला उठून.
एकूण हिशेब असा. चिठ्ठ्या दोन, दोन्हींत पोपट. आणि तिसरा पोपट माझा झाला.